त्या फॉर्मवर नसलेला रकाना

वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात वर्षावनं तोडून केलेल्या शेतीवर मी दोन पानं लिहिली. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला. काही कौतुकाची, काही चिडलेली, एक तर चक्क माझी चूक पकडणारं. त्यातली सात इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : दीडशे फूट उंच झाडं ज्या जमिनीत उभी राहतात ती जमीन कसदारच असणार. मग तिथे चार वर्षांत पीक येईनासं होतं, हे तुमचं विधान पटत नाही.

उत्तर : तुमचा तर्क सरळ आहे. विद्यार्थिदशेत मीही तोच केला होता. तो मोडला एका खड्ड्यात.

ब्राझीलच्या पारा राज्यात, ॲमेझॉनच्या पूर्वेकडच्या भागात, एका अभ्यासदौऱ्यात आम्ही दोन खड्डे खणले. एक रानात, दुसरा कुंपणापलीकडच्या गुरांच्या कुरणात. मधे साठ-सत्तर पावलांचं अंतर. रानातल्या खड्ड्यात कुदळ आधी मातीला लागलीच नाही. वर ओला पालापाचोळा आणि त्याखाली बारीक मुळांचं इतकं दाट जाळं, की कडेने सुरी फिरवून ते चटईसारखं उचलता आलं. उलटं करून पाहिलं तर कुजत आलेली पानं मुळांना चिकटून होती. एका पानाची जाळी तेवढी उरली होती आणि तिच्यातून पांढरे धागे गेले होते. ते बुरशीचे. चटईखाली चार बोटं काळसर माती. त्यानंतर कमरेइतक्या खोलीपर्यंत पिवळट-तांबडी चिकणमाती, जिच्यात झाडाच्या तोंडी लागेल असं जवळजवळ काही नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

लाखो वर्षांच्या पावसाने त्या मातीतलं चुनखड, पालाश (पोटॅशियम), बरंचसं स्फुरद (फॉस्फरस) धुऊन नेलं आहे. उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. आम्लता एवढी की तेच ॲल्युमिनियम मुळांना जाळतं. मग झाडं जगतात कशावर? एकमेकांवर. पान पडतं, उष्ण दमट हवेत बघता बघता कुजतं, आणि त्यातलं अन्न मातीत उतरायच्या आत ती चटई आणि तिची बुरशी ते ओढून घेते. जंगलाची शिल्लक मातीत नाही, झाडांच्या अंगात आहे, सतत फिरती. जे थोडं वाहून जातं त्याची भरपाईही दूरवरून येते. आफ्रिकेतल्या चाड देशातला बोडेले नावाचा कोरडा खोलगट भाग आहे. तिथली धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनवर पडते. २०१५ मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून हिशेब मांडला गेला, तेव्हा वर्षाला सरासरी सुमारे २२,००० टन स्फुरद या वाटेने येतं असं निघालं. पावसा-पुराने जवळपास तेवढंच वाहून जातं.

आता हे रान कापून जाळलं की काय होतं? सगळी शिल्लक एका दिवसात राख होऊन जमिनीवर पडते. राखेने आम्लता उतरते, पहिल्या वर्षी पीक बघून शेतकऱ्याला आपण जिंकलो असं वाटतं. दुसऱ्या वर्षी कमी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तण जास्त आणि पीक कमी, कारण पावसाने राख धुऊन नेली आणि अडवायला चटई राहिली नाही. मग तिथे गवत पेरून गुरं सोडतात.

दुसरा खड्डा त्या गुरांच्या खुरांखालचा. पाणी किती मुरतं ते मोजायला आम्ही पत्र्याचं बिनबुडाचं कडं जमिनीत ठोकतो, त्यात पाणी ओततो आणि घड्याळ लावतो. रानात मी पाणी ओतून घड्याळाकडे पाहीपर्यंत कडं रिकामं. कुरणात मी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, उतार, गवत, ढग, सगळं लिहून झालं. पाणी तसंच. त्यात एक मुंगी पोहत होती आणि तीही काठाला लागली.

तेव्हा तुमच्या पत्राचं उत्तर असं: खतं आणि चुना ओतून तिथे पीक काढता येतं. ॲमेझॉनच्या दक्षिणेच्या सेराडो माळरानाची आम्ल जमीन ब्राझीलने चुना आणि स्फुरद घालून सोयाबीनखाली आणलीच. पण ते घातलेल्याचं पीक. जंगल कसदार मातीवर उभं होतं म्हणून नव्हे.

प्रश्न : जंगल जाळतात ते तिथले आदिवासीच ना? फिरती शेती त्यांचीच. मग मोठ्या कंपन्यांच्या नावाने खडे कशाला फोडता?

उत्तर : फिरत्या शेतीत माणूस एक लहान तुकडा जाळतो, दोन-तीन हंगाम पीक घेतो आणि पंधरा-वीस वर्षं त्या तुकड्याकडे फिरकत नाही. भोवती जंगल असतं, बी उडून येतं, रान परततं. माणसं वाढली किंवा त्यांची जमीन आक्रसली की पडीकाचा काळ पाच वर्षांवर येतो आणि मग मात्र माती खचते, हे मी नाकारत नाही. पण ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये तोडलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा, ढोबळ मानाने पाचातले चार भाग, गुरांच्या कुरणाखाली गेला आहे. तो काही आदिवासींनी नेला नाही.

त्यामागे १९७० ची गोष्ट आहे. तिथल्या लष्करी सरकारने ॲमेझॉन आडवा चिरत जाणारा महामार्ग काढायला घेतला आणि घोषणा दिली, ‘माणसांविना असलेली जमीन, जमिनीविना असलेल्या माणसांसाठी.’ जमीन माणसांविना नव्हतीच. तिथे आदिवासी होते, रबराचा चीक काढणारे होते, नदीकाठचे कोळी होते. कागदावर कोणी नव्हतं एवढंच. ईशान्येकडच्या दुष्काळातून आणलेली गरीब कुटुंबं रस्त्याकडेला वसवली गेली. त्यातली बरीच त्याच पिवळ्या मातीत हरली. आणि जमिनीवर हक्क सांगायचा तर ती ‘वापरात’ दाखवावी लागे. झाडं तोडणं हा वापराचा पुरावा! तिथे गाय दुधामांसासाठी कमी आणि कुंपणाचा खांब म्हणून जास्त उभी असते. तिने जमीन धरून ठेवायची, भाव चढला की मालकाने विकायची आणि पुढे सरकायचं.

आक्रे राज्यातला शिको मेंडेस हा चीक काढणारा मजूर याच्या आड उभा राहिला. बायका-पोरांसह लोक झाडं तोडायला आलेल्या टोळीसमोर जाऊन नुसते उभे राहत. त्याची मागणी अशी होती की जंगल सरकारी मालकीचं राहू दे, पण त्यातून चीक, फळं, काष्ठफळं गोळा करायचा हक्क तिथे राहणाऱ्यांना द्या. २२ डिसेंबर १९८८ ला त्याला घराच्या मागच्या दारात गोळी घातली. मागणी १९९० मध्ये मान्य झाली आणि अशा एका राखीव जंगलाला त्याचंच नाव दिलं.

प्रश्न : रबराचं झाड मूळचं ॲमेझॉनचं, मग जगाचं रबर आग्नेय आशियातून कसं येतं? (शाळकरी वाचक)

उत्तर : अरे, फार छान विचारलंस. माझ्या आवडीची गोष्ट आहे.

जंगलात रबराची झाडं एकेकटी असतात. एक दिसलं की पुढच्यासाठी चालत सुटायचं. वरच्या उत्तरातला शिको मेंडेस अशाच पायवाटांवर मोठा झाला. या झाडांवर एक बुरशी पडते, पानाचा करपा म्हण. पण दोन झाडांमध्ये दुसऱ्याच जातीची शेकडो झाडं असल्याने तिला उडी मारता येत नाही. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातल्या थोड्याच उगवल्या, त्यांची रोपं आशियात गेली. बुरशी मात्र मागेच राहिली. म्हणून आशियात रबराची झाडं ओळीने, खांद्याला खांदा लावून उभी राहू शकली.

मग मोटारवाल्या हेन्री फोर्डला वाटलं, आपण ब्राझीलमध्येच तसा मळा करू. १९२८ मध्ये तापाजोस नदीकाठी त्याने जंगल साफ केलं, अख्खं गाव वसवलं, गावाचं नाव फोर्डलँडिया. झाडं वाढली, एकाचा शेंडा दुसऱ्याला टेकला आणि करप्याला पूल मिळाला. पानं गळून मळे उघडे पडले. १९४५ मध्ये फोर्डच्या घराण्याने ती जमीन मोठा तोटा सोसून ब्राझील सरकारला परत दिली. तुझ्या शिक्षकांनी ‘एकपीक पद्धतीचे तोटे’ विचारले तर हे लिही. मार्क नाही मिळाले तर मला कळव.

प्रश्न : मी सोया दूध पिते. माझ्यामुळे ॲमेझॉन तुटतंय का? घरात सगळे मला चिडवतात.

उत्तर : तुमच्या पेल्याला फार थोडा दोष. जगातल्या सोयाबीनचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोंबड्या, डुकरं, गुरं यांच्या तोंडात जातो. चिडवणाऱ्यांपैकी कोणी मांस-अंडी खात असेल तर हिशेब त्याच्याकडे मागा.

२००६ मध्ये सोया खरेदी करणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा सोया घ्यायचा नाही. उपग्रहावरून लक्ष ठेवता येत असल्याने ते बरंच पाळलंही गेलं. ब्राझीलच्या अंतराळ संस्थेच्या मोजणीत २००४ साली २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर तोड होती, ती २०१२ पर्यंत साडेचार हजारांच्या आसपास उतरली. सगळं श्रेय या खरेदीबंदीचं नाही, सरकारी धाडी आणि नवी राखीव वनंही त्यात होती. पण बंदी ॲमेझॉनपुरती होती. शेजारच्या सेराडोत नांगर चालूच राहिला, त्याच्या बाजूने बोलायला उंच झाडं नव्हती.

प्रश्न : पाम तेलावर बहिष्कार टाकावा का? मी बिस्किटांच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचायला भिंग घेतलं आहे.

उत्तर : भिंग ठेवा, चांगली सवय आहे. बहिष्काराबद्दल मात्र मी तुमच्याइतकी ठाम नाही.

पाम हे झाड म्हणून आळशी नाही. एका हेक्टरातून ते सोयाबीन किंवा मोहरीवर्गीय पिकांच्या कैकपट तेल देतं. सगळ्यांनी उद्या पाम सोडून सोया तेल घेतलं तर तेवढ्याच तेलाला कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि ती कुठून येणार हे वरच्या पत्रांत आलंच आहे. प्रश्न झाडाचा कमी आणि ते कुठे लावलं याचा जास्त. इंडोनेशिया आणि मलेशिया मिळून जगातलं बहुतेक पाम तेल काढतात. तिथल्या मळ्यांचा मोठा भाग वर्षावनं तोडून आला आणि त्यातला काही पीटच्या दलदलीवर.

पीट म्हणजे काय, ते हातात घेतल्याशिवाय समजत नाही. पाण्यात बुडून हजारो वर्षं न कुजलेला पालापाचोळा. मूठभर पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी निघतं आणि मुठीत काड्या, सालींचे तुकडे उरतात. पाण्याखाली आहे तोवर तो गप्प असतो. पाणी काढलं की हवा शिरते, तो कुजायला लागतो, जमीन वर्षागणिक खाली बसते. आणि वाळला की पेटतो. आग वर दिसत नाही, आत धुमसत राहते.

यावर तेलाच्याही आधी भाताचा प्रयोग झाला होता. १९९६ मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने बोर्निओच्या मध्य कालिमंतान प्रांतात जवळपास दहा लाख हेक्टर पीट भातशेतीखाली आणायचं ठरवलं. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. भाताला पाणी पुरवायला म्हणून खणले खरे, पण त्यांनी पाणी काढून नेलं. दुसऱ्या बेटांवरून शेतकरी कुटुंबं आणून वसवली. स्थानिक दायक लोकांची वेताची आणि फळांची रानं त्यात गेली. आम्ल पीटवर भात उभा राहिला नाही. १९९७ च्या एल निनोच्या कोरड्या वर्षी तो पट्टा पेटला आणि त्या सालच्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. योजना दोन-तीन वर्षांत गुंडाळली. कालवे तसेच राहिले आणि त्यातून पाणी अजून वाहत राहिलं. २०१५ मध्ये ते पीट पुन्हा जळलं.

म्हणून पुड्यामागे ‘पाम तेल’ एवढंच दिसलं तर त्यातून फार काही कळत नाही. ते कोणत्या जमिनीवरचं, हे लिहिणं विकणाऱ्यावर बंधनकारक हवं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये तसा कायदा केला आहे: २०२० नंतर तोडलेल्या जंगलातलं पाम, सोया, कोको, कॉफी, रबर, लाकूड, गुरं तिथे विकता येणार नाहीत. केला आणि लागू व्हायच्या आधीच अंमलबजावणी पुढे ढकलली. त्या ढकलण्यावर तुम्ही भिंग धरा.

प्रश्न : रासायनिक खत आणि फवारणी नसती तर निम्मं जग उपाशी मेलं असतं. तुम्ही पगार-पेन्शन खाऊन शेतकऱ्याला अक्कल शिकवता. भूक कधी पाहिली आहे का?

उत्तर : ‘निम्मं’ हा तुमचा शब्द अगदी बरोबर आहे. हवेतल्या नत्रापासून, म्हणजे नायट्रोजनपासून, अमोनिया करण्याची युक्ती फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवली. त्यातून निघालेल्या खतावर आज जगातली जवळजवळ निम्मी माणसं जेवतात. मी त्या खताच्या विरोधात नाही. पगाराचंही खरं आहे, आणि तो मी कशासाठी घेतला तेच सांगते.

अकरा वर्षं मी खतांच्या शिफारशी लिहिल्या. पिशवीत मातीचा नमुना यायचा, तपासणी व्हायची आणि छापील फॉर्मवर नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे भरून मी सही करायचे. दिवसाला साठ-सत्तर फॉर्म. नत्राचा आकडा थोडा चढाच लिहायची पद्धत होती, कमी पडलं तर बोल आमच्यावर येईल म्हणून. टाकलेल्या नत्रातलं निम्म्याच्या आसपासच पीक उचलतं, हे आम्हाला पाठ होतं. उरलेलं कुठे गेलं, असा रकाना त्या फॉर्मवर नव्हता आणि मी कधी विचारलंही नाही.

ते जातं पाण्यात आणि हवेत. अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यातलं नत्र मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतं, तिथे शेवाळ माजतं, मरून कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. २०१७ च्या उन्हाळ्यात असा बिनप्राणवायूचा पट्टा २२,७२० चौरस किलोमीटर मोजला गेला. कोळंबी पकडणाऱ्यांना होड्या लांब न्याव्या लागतात. मका पिकवणाऱ्याने त्यांचं नाव ऐकलेलं नसतं, त्यांच्या डिझेलचा खर्च त्याच्या वहीत येत नाही. गेल्या अंकात माझं म्हणणं एवढंच होतं.

फवारणीबद्दल तुम्ही ज्या ठामपणे लिहिलंय तिथे मात्र मी अडते. इंडोनेशियाचंच उदाहरण घेऊ, आणि या वेळी चांगलं. तिथे भातावरच्या कीटकनाशकांना सरकार भरघोस अनुदान देत होतं. १९८५-८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी भात जाळत आणला. जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त! कारण भाताच्या चुडात उतरून पाहिलं की दिसतं. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती खोडाच्या आवरणाच्या आत, तिथवर औषध पोचत नाही. बाहेर फिरणारा कोळी मात्र पहिल्या फवाऱ्यात मरतो. आठवड्याभराने अंडी फुटतात आणि खाणारं कोणी नसतं. मग शेतकरी पुन्हा फवारतो. १९८६ च्या नोव्हेंबरात सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतलं. शेतकऱ्यांना बांधावर बसवून कोळी मोजायला शिकवलं. फवारणी निम्म्याहून कमी झाली. भाताचं उत्पादन घटलं नाही, वाढलं. कोणी उपाशी मेलं नाही, औषध विकणाऱ्यांचा धंदा तेवढा बसला.

भूक पाहिली आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी इथे देणार नाही. पाकिटावर तुमचा पत्ता आहे, वेगळं लिहीन.

प्रश्न : गेल्या लेखात तुम्ही ॲमेझॉनला ‘पृथ्वीची फुप्फुसं’ म्हटलंत. विज्ञानाच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.

उत्तर : चूक कबूल. झाडं दिवसा जेवढा प्राणवायू सोडतात जवळजवळ तेवढाच ती स्वतः श्वासात आणि खाली कुजणारा पालापाचोळा मिळून वापरून टाकतात. हातात काही उरत नाही. शिवाय फुप्फुसं प्राणवायू घेतात, देत नाहीत, म्हणजे उपमा उलटीसुद्धा होती.

रहाट म्हणायला हवं होतं. १९७० च्या दशकात एनेआस सालाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचे जड-हलके प्रकार मोजून दाखवलं, की ॲमेझॉनवर पडणाऱ्या पावसाचा निम्म्याच्या जवळपास भाग जंगल स्वतःच परत वर पाठवतं. समुद्राकडून आलेला ढग पूर्वेला बरसतो, झाडं ते पाणी मुळांनी ओढून पानांतून वर सोडतात, ते पश्चिमेला पुन्हा बरसतं, असं पार अँडीज पर्वतापर्यंत. तिथून वळून दक्षिणेच्या शेतांवरही त्यातला पाऊस जातो. त्यात सोयाबीनचीही शेतं आहेत.

मूळ लेखाच्या माझ्या प्रतीत ते वाक्य खोडून शेजारी तारीख घातली आहे.